‘आधी अँटिव्हायरस बंद करा’

सूचनापत्रातली पहिली ओळच ती होती. ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी आपला अँटिव्हायरस बंद करावा.’ दुसऱ्या ओळीत सेटअपवर डबल क्लिक करायला सांगितलं होतं, तिसरीत लायसन्सचा नंबर टाकायला. सात हजार आठशे रुपये भरून, १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल घेऊन विकत आणलेल्या सॉफ्टवेअरची ही सूचना. मी ती वाचली आणि माउसवरचा हात काढून घेतला.

सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि पाऊस ओसरला की दोन दिवाळी अंक. मी टायपिंग शिकले ते खडखडणाऱ्या टाइपरायटरवर. ३० आणि ४० शब्दांच्या दोन्ही परीक्षा त्यावरच दिल्या. बोटांना तेच रेमिंग्टनचं वळण आहे. विंडोजमध्ये आयता मिळणारा मुख्य मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्टचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मांडणीचा. तो चांगला आहे, नव्या मुलामुलींनी तोच शिकावा, पण माझा हात त्यावर चालत नाही. शिवाय आमच्याकडे येणारा निम्मा मजकूर आणि छापखान्यातल्या जुन्या फाइली जुन्या फॉन्टांतल्याच. त्यामुळे कळफलक आणि फॉन्ट दोन्ही देणारं मराठी सॉफ्टवेअर लागतंच. माझं जुनं डाँगलवर चालायचं, म्हणजे लायसन्सची किल्ली म्हणून कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या खुंटीवर. विंडोज १० ची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे कळल्यावर गणेश चतुर्थीला विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर घेतला, आणि त्यावर जुन्या डाँगलचा ड्रायव्हर काही केल्या बसेना. मग त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यायची ठरवली. पितृपक्ष चालू होता. नवीन काही घेऊ नये म्हणतात, पण अंकाचे लेख येऊन पडले होते.

११ सप्टेंबर, गुरुवार. पैसे यूपीआयने पाठवले, तासाभरात ईमेल आला. त्यात डाउनलोडची लिंक, झिप फाइलचा पासवर्ड आणि लायसन्स नंबर. फाइल उतरवताना ब्राउझरने हटकलं, ही फाइल फारसं कुणी डाउनलोड करत नाही म्हणून. सेटअप चालवल्यावर पडद्यावर निळी खिडकी आली, ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’. ‘मोअर इन्फो’वर क्लिक केलं तेव्हा प्रकाशकाच्या जागी ‘अननोन पब्लिशर’ लिहिलेलं दिसलं. ज्याच्या सॉफ्टवेअरचे मी दहा वर्षांपूर्वीही पैसे मोजले होते, तो विंडोजच्या लेखी अनोळखी. तरी ‘रन एनीवे’ दाबलं. इन्स्टॉल होता होता अँटिव्हायरसची लाल पट्टी उजव्या कोपऱ्यात आली: धोका सापडला, फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून ठेवली. इन्स्टॉल पूर्ण झाल्याचा संदेशही पाठोपाठ आला, पण डेस्कटॉपवरच्या चिन्हावर क्लिक केलं तर मूळ प्रोग्रॅमच जागेवर नव्हता.

तेव्हा मी ते सूचनापत्र उघडलं.

त्या ओळीने मी का थांबले, ते सांगायला २०१९ मध्ये जावं लागेल. त्या वर्षी मी पानं लावायचं एक महागडं सॉफ्टवेअर फुकटात मिळवलं होतं. एका व्हिडिओत पायरीपायरीने दाखवलं होतं आणि त्याचीही पहिली पायरी हीच होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. केला. क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडणारा प्रोग्रॅम, चालवला. सॉफ्टवेअर उघडलं, मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी शेपूट जोडलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी मजकूर फाइल. तिच्यात लिहिलं होतं की फाइली परत हव्या असतील तर ९८० डॉलर, आणि ७२ तासांत संपर्क केला तर ४९० डॉलर. पुढे कळलं की हे पैसे मागणाऱ्या टोळीचा व्हायरस त्या काळात जगभर अशा क्रॅकमधूनच पसरत होता. मी पैसे दिले नाहीत. पण एका शाळेच्या शताब्दी स्मरणिकेची एकशे बारा पानं गेली. त्यात माजी विद्यार्थ्यांनी हाताने लिहून दिलेल्या आठवणी होत्या आणि त्यांतले काही कागद मी टाइप करून झाल्यावर परतही दिले नव्हते, कुठे गेले ते सापडले नाहीत. मुख्याध्यापकांसमोर उभं राहून ते सांगताना माझी जी अवस्था झाली होती, ती मी विसरलेले नाही. त्या दिवशी ठरवलं, दुकानात एकही गोष्ट चोरीची नको. फॉन्टसुद्धा विकत घ्यायचे. चार वर्षं हप्त्याहप्त्याने एकेक लायसन्स घेत आले.

आणि आता पैसे मोजून आणलेल्या वस्तूच्या कागदावर तीच ओळ.

विक्रेत्याला फोन लावला. “ताई, ते सगळ्यांनाच येतं. पाच मिनिटं बंद करा, टाका, परत चालू करा. मी मिरजेत, इस्लामपुरात असंच टाकून दिलंय.” मी विचारलं, परत चालू केल्यावर तो पुन्हा फाइल उचलणार नाही का? “मग तो फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाका, म्हणजे तिकडे बघतच नाही.” माणूस भला आहे, रात्री नऊला फोन केला तरी उचलतो. त्याला खरंच वाटत होतं की तो मला मदत करतोय. पण एक्सक्लूजन म्हणजे पाच मिनिटांचा प्रश्न नव्हे. रखवालदाराला सांगून ठेवायचं की या खोलीत कुणीही जावो, काहीही नेवो, तू बघू नकोस. त्या फोल्डरमध्ये उद्या दुसरं काही येऊन बसलं तरी तो गप्पच राहणार.

माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटर सुरक्षेचं काम करतो. त्याला रात्री फोन केला. तो म्हणाला, “मावशी, बंद करू नकोस आणि घाबरूही नकोस. आधी हे बघ की तुझ्याकडे आलेली फाइल त्यांनी पाठवलेलीच आहे का.”

हे मला नवीन होतं. प्रत्येक फाइलचा एक ठसा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. फाइलीतलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पार बदलतो. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, विंडोजमध्येच सोय आहे. कमांडच्या काळ्या खिडकीत ‘सर्टयुटिल’, मग उणे चिन्ह लावून ‘हॅशफाइल’, फाइलचं नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’, सगळं इंग्रजीत टाइप करायचं. एंटर दाबल्यावर चौसष्ट अक्षरांची ओळ आली, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं यांचीच बनलेली. आता सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडच्या मूळ फाइलचा ठसा मिळवायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. भाच्याने एक गोष्ट बजावली, ठसा त्याच ईमेलला उत्तर देऊन मागवू नकोस. ईमेलच जर खोटा असेल तर ठसाही खोटाच येईल. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन कर.

माझ्याकडे जुन्या डाँगलच्या डबीवर छापलेला नंबर होता. शुक्रवारी सकाळी लावला. फोन उचलणारे गृहस्थ म्हणजेच मालक आणि सॉफ्टवेअर लिहिणारेही तेच. हॅश म्हटल्यावर क्षणभर थांबले, म्हणाले, “मॅडम, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.” दहा मिनिटांनी त्यांनी स्वतःच फोन केला. मी पडद्यावरचं वाचत गेले, ते त्यांच्याकडचं बघत गेले. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली.

म्हणजे वाटेत कुणी हात घातला नव्हता. पण अँटिव्हायरसला त्यात काय दिसलं, हा प्रश्न तसाच राहिला. व्हायरसटोटल नावाची सेवा आहे, २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली, २०१२ पासून गूगलकडे. तिथे एक फाइल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसांकडून एकदम तपासून मिळते. मी आधी नुसता ठसा टाकून शोधलं. काहीच निघालं नाही, म्हणजे ही फाइल तिथे आजवर कुणी चढवलीच नव्हती. मग मालकांना विचारून फाइल चढवली. विचारलं कारण तिथे टाकलेली फाइल सुरक्षेचं काम करणाऱ्या इतर कंपन्यांनाही मिळते. आपल्या गिऱ्हाइकाचा मजकूर, कुणाचं आधार कार्ड, सोसायटीचा ताळेबंद असं काही तिथे कधीही टाकू नये. निकाल आला तो असा: सहा जणांनी लाल खूण केली, बाकीच्यांनी काही नाही म्हटलं. त्या सहा जणांनी दिलेली नावंही एकमेकांशी जुळत नव्हती. कुणी ‘जेनेरिक’, कुणी ‘सस्पिशस’, कुणी ‘ह्युरिस्टिक’. भाचा म्हणाला, ओळखीचा व्हायरस असता तर बऱ्याच जणांनी त्याच्या घराण्याचं नाव घेतलं असतं. ही नावं वागणुकीवरून आलेल्या संशयाची आहेत. पण सहा विरुद्ध बाकीचे अशी मतमोजणी करून निर्णय घ्यायचा नसतो, कारण अगदी नवा व्हायरस पहिल्या दिवशी दोघातिघांनाच दिसतो.

संशय का आला, ते मालकांनी मला त्या दिवशी दुपारी समजावून सांगितलं, आणि ती अर्ध्या तासाची फोनवरची बोलणी हाच या सगळ्या प्रकरणातला माझ्यासाठी सर्वांत मोलाचा भाग ठरला.

मी कळ दाबते ती इंग्रजी अक्षराची आणि पडद्यावर उमटतं मराठी अक्षर. वर्डमध्ये, पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठेही. हे व्हायचं तर त्यांच्या प्रोग्रॅमला माझी प्रत्येक कळ इतर प्रोग्रॅमांच्या आधी ऐकावी लागते, अडवावी लागते आणि तिच्या जागी दुसरं अक्षर पुढे सोडावं लागतं. पासवर्ड चोरणारे कीलॉगर नेमकं हेच करतात. प्रत्येक कळ ऐकतात, फक्त ती बदलण्याऐवजी लिहून ठेवतात आणि बाहेर पाठवतात. दाराशी उभं राहून ऐकणारा माणूस दुभाषा आहे की हेर, हे त्याच्या उभं राहण्यावरून कसं कळणार? मला वर्षानुवर्षं वाटायचं की मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवरच अँटिव्हायरसचा राग का. त्याचं उत्तर हे. इंग्रजीत काम करणाऱ्याला असा दुभाषा लागतच नाही, म्हणून त्याच्यावर ही वेळ येत नाही.

दुसरं कारण ऐकून मला जास्त वाईट वाटलं. आधीच्या आवृत्तीचा डाँगल कुणीतरी तोडला आणि ते सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर दोनदोनशे रुपयांना विकलं जाऊ लागलं. वीस वर्षांचं काम. म्हणून या वेळी त्यांनी मुख्य प्रोग्रॅम एका संरक्षक कवचात गुंडाळला. आतला कोड दाबून, विस्कटून ठेवणारं कवच, जे प्रोग्रॅम चालू झाल्यावर मेमरीतच उलगडतं. व्हायरस लिहिणारेही आपला माल लपवायला तसलीच कवचं वापरतात. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून अँटिव्हायरस बाहेरच्या कवचावरच संशय घेतो. म्हणजे चोरांनी फुकट वापरलं, त्यामुळे कुलूप लागलं, कुलूप दिसलं म्हणून रखवालदार ओरडला, आणि पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगण्यात आलं की रखवालदाराला घरी पाठवा. चोरीची प्रत वापरणाऱ्यांत मीही एके काळी होते, सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी. हे ऐकताना मला ते बोचलं.

मी विचारलं, तुमचं नाव तरी विंडोजला का दिसत नाही? फाइलवर डिजिटल सही करायला प्रमाणपत्र लागतं, त्याला वर्षाला वीस-पंचवीस हजार लागतात, म्हणाले. शिवाय जून २०२३ पासून नियम कडक झाला. सहीची गुप्त किल्ली आता कॉम्प्युटरवर फाइल म्हणून ठेवता येत नाही, टोकनसारख्या खास सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. नियम योग्यच आहे, किल्ल्या चोरीला जात होत्या. पण वर्षाला मोजकी लायसन्सं विकणाऱ्या माणसाला हा खर्च जड जातो. आणि सही केली तरी निळी खिडकी लगेच जाईल असंही नाही. पुरेशा लोकांनी ती फाइल वापरून तिची पत तयार व्हावी लागते. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर पुरेशा लोकांकडे जाणार कधी?

त्यांच्यावर माझा विश्वास बसला होता. तरी मी फाइल पुन्हा चालवली नाही, आणि हे त्यांना सांगायला मला अवघड गेलं.

भाच्याने मला २०२३ मधली एक घटना सांगितली होती. थ्रीसीएक्स ही ऑफिसांच्या फोन यंत्रणेचं सॉफ्टवेअर करणारी मोठी कंपनी, जगभर लाखो ग्राहक. मार्चच्या २२ तारखेच्या सुमाराला त्यांच्या डेस्कटॉप ॲपवर काही अँटिव्हायरस लाल दिवा दाखवू लागले. ॲप पैसे भरून घेतलेलं, अधिकृत ठिकाणाहून आलेलं, कंपनीची खरी डिजिटल सही असलेलं. पुष्कळांनी धरून चाललं की हा अँटिव्हायरसचाच गैरसमज. आठवडाभराने, २९ मार्चला उघड झालं की अँटिव्हायरस बरोबर होता. हल्लेखोरांनी कंपनीच्या आत शिरून, ॲप तयार होतानाच त्यात आपला कोड मिसळला होता. ते आत शिरले कसे? त्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने वायदे बाजारातल्या सौद्यांचं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं, आणि त्यात आधीच विष होतं. म्हणजे ठसा जुळला तर एवढंच सिद्ध होतं की फाइल त्यांच्या टेबलावरून निघाली तशीच माझ्याकडे आली. त्यांचं टेबल स्वच्छ आहे की नाही, ते ठशावरून कळत नाही. मालक प्रामाणिक असतील, पण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये काही शिरलं असेल तर ते त्यांनाही माहीत नसणार.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली होती आणि जगभर हजारो कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत बसले होते. अँटिव्हायरस चुकतो. म्हणूनच त्याची चूक आहे का, हे त्यालाच विचारायची सोय असते.

ती सोय मी वापरली. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्यांकडे चुकीने पकडलेली फाइल तपासायला पाठवायचा अर्ज असतो. माझ्याकडच्या कंपनीचाही होता, पण तीन पानं आत दडलेला. फाइल झिप करून, तिला ‘इन्फेक्टेड’ हा पासवर्ड लावून पाठवायची. या क्षेत्रात हा ठरलेलाच पासवर्ड आहे, वाटेत दुसऱ्या कुठल्या अँटिव्हायरसने ती खाऊ नये म्हणून. सोबत काय लिहायचं ते मी विचार करून लिहिलं: सॉफ्टवेअर कशाचं आहे, विकत घेतल्याचं बिल, पकडलेल्या धोक्याचं नाव, फाइलचा ठसा, आणि कळा ऐकणं हे या सॉफ्टवेअरचं कामच आहे. मालकांनीही बनवणारे म्हणून आपल्याकडून अर्ज केला. माझ्या आग्रहाखातर त्यांनी आपला काम करायचा कॉम्प्युटर दुसऱ्या दोन अँटिव्हायरसांनी तपासून घेतला आणि निकालाचे फोटो पाठवले. वयाने माझ्यापेक्षा मोठा माणूस, पण कुठेही रागावले नाहीत.

शुक्रवार ते मंगळवार वाट बघितली. अंकाच्या संपादकांचे फोन येत होते. जुना कॉम्प्युटर आणि जुना डाँगल शाबूत होता. त्याची नेटची केबल काढून टाकली, आणि त्यावर दोन कथा आणि कवितांचं अख्खं दालन टाइप केलं. पहाटे पाचला दुकान उघडून बसत होते. दुकानात काम करणारी मुलगी म्हणाली, “ताई, एक बटण दाबायचं तर होतं.” तिला मी शताब्दी स्मरणिकेची गोष्ट सांगितली. मग तिने पुन्हा विचारलं नाही.

मंगळवारी, १६ तारखेला दुपारी उत्तर आलं, तीन ओळींचं. फाइल तपासली, धोकादायक कोड आढळला नाही, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती होईल. संध्याकाळी अँटिव्हायरस अपडेट केला. डाउनलोड केलेली फाइल पुन्हा तपासली, स्वच्छ निघाली. ठसा पुन्हा एकदा ताडला आणि मग सेटअप चालवला. अँटिव्हायरस पूर्ण वेळ चालू होता, कुठलंही एक्सक्लूजन नव्हतं. लाल पट्टी आली नाही. लायसन्स नंबर टाकला, कोरं पान उघडलं आणि बोटं आपोआप चालू लागली.

मालकांना फोन करून सांगितलं आणि एक विनंती केली. सूचनापत्रातली पहिली ओळ काढून टाका. तिच्या जागी फाइलचा ठसा छापा आणि तुमचा फोन नंबर द्या. कारण तुमचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण ते टाकताना एकदा ज्याने अँटिव्हायरस बंद केला, त्याला पुढच्या वेळी कुणीही तेच सांगितलं तर तो करणार. त्याला ती सवय तुमच्या कागदाने लावलेली असेल. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, नवी प्रत आली की ती आधी मीच अँटिव्हायरसवाल्यांकडे तपासायला पाठवत जाईन, तुमच्यापर्यंत यायच्या आधी. सहीचं प्रमाणपत्र दिवाळीनंतर बघतो.

ऑक्टोबरमध्ये त्यांची छोटी दुरुस्ती आवृत्ती आली. ईमेलमध्ये ती ओळ नव्हती, चौसष्ट अक्षरांचा ठसा होता. मी तो फोनवरही विचारून घेतला. त्यांनी न कंटाळता वाचून दाखवला. निळी खिडकी मात्र आली, ‘अननोन पब्लिशर’ म्हणून.